आमेन नसलेली आठ गाणी

पहिलं गाणं रेकॉर्ड झालं त्या दिवशी आमचं जालन्याचं चर्च एका बाकानं लांबलं. नवा बाकही जुन्यांसारखाच, सागवानी, मागे गायनपुस्तक ठेवायची फळी असलेला. आमचा ड्रमर शद्रख म्हणाला, "चला, नाताळात जागेवरून भांडणं तरी होणार नाहीत." तो माझा आतेभाऊ. त्याला कशाचंच नवल वाटत नाही.

संडे स्कूलच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून आम्ही आठ गाणी केली. शब्द प्रभूचे, गिटार माझी, आणि ठेका असा की खिडक्यांच्या काचा वाजायच्या. आठ गाणी, आठ बाक. पाळकसाहेब रोज सकाळी नवा बाक पुसून घ्यायचे आणि त्यावर बसून बघायचे.

शेवटच्या बाकावर माझे पप्पा बसतात, त्रिभुवन मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी चर्चची पेटी वाजवली. आता बोटं आखडली, म्हणून मागून सगळ्यांच्या सुरांवर लक्ष ठेवतात. आमच्या बँडला ते "पत्र्याचं दुकान" म्हणायचे. तरी नाताळच्या उपासनेत आम्ही आठही गाणी म्हटली, तेव्हा ते आले. मी त्यांच्यासाठीच वाजवत होते, उगाच कशाला लपवू?

उपासना संपली, मंडळी केक खायला बाहेर गेली, पप्पा मात्र बसूनच. आमेन झाल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा नेम. आमच्या पुस्तकातलं प्रत्येक गीत आमेनवर संपतं. आमची आठही झांजेवर संपली होती. आमेन आम्ही साफ विसरलो होतो.

मग आम्ही घाईघाईनं आमेन म्हणून पाहिलं. पप्पा उठले नाहीत, उलट एक बाक वाढला.

अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. परभणीत कुणी स्वयंपाक करताना तो लावला की इकडे एक बाक वाढायचा, नेहमी पप्पांच्या पुढ्यात. बीडहून, अंबडहून माणसं यायची, बसायची, आणि कुणालाही जागा कमी पडायची नाही. सगळे आनंदात होते. मीही होते, आणि मला त्याची लाज वाटायची. पप्पा लांब जात जात पहिल्यांदा मुठीएवढे झाले, मग शर्टाच्या बटणाएवढे.

मम्मीचा डबा दानाच्या थैलीसारखा बाकाबाकावरून हातोहात त्यांच्यापर्यंत जायचा. परत यायला चार दिवस लागायचे. त्यात चिठ्ठी असायची : "वांग्यात मीठ कमी. आमेन कुठंय?"

"बेबी, एवढं काय मनाला लावून घ्यायलीस?" मम्मी म्हणाली. "जेवायलेत ना ते?"

"जेवायलेत."

"मग झालं तर."

पण पुढच्या डब्याला नऊ दिवस लागले. पोळ्या तशाच परत आल्या. चिठ्ठी नव्हती.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मी शद्रखला सांगितलं, आठवं गाणं वाजवायचं, पण शेवटी झांज नाही. शेवटची जागा मोकळी सोडायची. ती पप्पांची.

"आणि त्यांनी भरलीच नाही तर?"

"तर आपण थांबू."

आम्ही वाजवलं. शेवटचा सूर मी तारांवर तसाच सोडून दिला. पार लांब, मोहरीएवढे पप्पा उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, एवढं मला नक्की दिसलं. मग ते मिटलं. आवाज काही आला नाही. तो अजून वाटेत होता.

आमेन म्हणाले की "बंद करा ते दुकान", हे इथून कळायला मार्ग नव्हता.

मग सगळ्यात मागचा बाक उभा राहिला. त्याच्या पुढचा उभा राहिला. मग त्याच्या पुढचा. हातातल्या झावळ्या सावरत माणसं एकेक बाक करून उठत आहेत, आणि ते उठणं आमच्याकडे येत आहे. शद्रखनं झांज दोन्ही हातांनी गच्च दाबून धरली आहे.