दोन पहारेकरी

सूनबाईला नणंदेला फोन करायचा अजिबात नव्हता. पण नवरा कामानिमित्त परगावी, सॉफ्टवेअर कंपनीचा मदत क्रमांक नुसतंच संगीत ऐकवत बसलेला, आणि समोरचा संगणक सकाळपासून पुन्हा पुन्हा निळा पडत होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तिच्या मनात आलं आणि तिने लगेच जीभ चावली. ही म्हण नणंदेच्या कानावर गेली असती, तर यात गाढव कोण, हे तिने आधी विचारलं असतं.

नणंद, म्हणजे ताई, एका मोठ्या ग्रंथालयातल्या सगळ्या संगणकांची देखभाल करायची. दिवसभर शांततेत बसावं लागतं म्हणून साठलेलं बोलणं ती माहेरी येऊन खर्च करते, असं तिचा भाऊच म्हणायचा. भाजीत मीठ कमी असलं तर ताई ते पहिल्या घासाला सांगायची आणि जास्त असलं तर घास घ्यायच्या आधी, वासावरून. सूनबाई तिच्यापासून चार हात लांबच राहायची.

पण आज गरज सूनबाईची एकटीची नव्हती. ती दातांची तंत्रज्ञ. घराच्या मागच्या खोलीत तिची लहानशी प्रयोगशाळा होती. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात नारिंगी झाकणाचा थ्रीडी प्रिंटर. उद्या सकाळी एका संगीतशिक्षिकेच्या जबड्यावर शस्त्रक्रिया होती. जिन्यावरून पडून तिचे खालचे पुढचे दात गेले होते, हाडही दुखावलं होतं. हाडात स्क्रू नेमके कुठे आणि किती तिरके बसवायचे, हे दाखवणारा साचा सूनबाईला बनवायचा होता. तो हिरडीवर घट्ट बसतो आणि त्याच्या भोकांतूनच सर्जन हत्यार चालवतात. साचा नाही तर शस्त्रक्रिया नाही. आणि सर्जन परवा परदेशी निघणार होते, ते हिवाळा संपल्यावर परतणार. माप द्यायला आली तेव्हा ती शिक्षिका तोंडासमोर रुमाल धरूनच बोलत होती. "मुलांना गाऊन दाखवता येत नाही हो, नुसती पेटी वाजवते," एवढं तिने सांगितलं होतं, आणि ते सूनबाईच्या मनातून जात नव्हतं.

साच्याची आखणी जवळपास झाली होती, पण ती याच संगणकात होती. ते सॉफ्टवेअरही याच एका संगणकावर चालायचं, दुसरीकडे नेता येत नव्हतं. आणि जबड्याची मोठी फाइल उघडायला गेलं की पडदा निळा, मग काळा, मग सगळं पहिल्यापासून.

तिने फोन केला. ताई म्हणाली, "कशाला हात लावू नकोस. येते."

ती आली ती बॅग खांद्यावरून न उतरवताच खुर्चीत बसली. दारात सासरे उभे होते, कोरडी झालेली ताटली पुसत. बाबांनी आयुष्यभर एका कारखान्याचं गोदाम सांभाळलं होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुलूप लावल्यावर ते ओढून बघितल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे.

"हे सगळं तुमच्या भावामुळे," सूनबाईने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "गेल्या आठवड्यात गाण्यांचा पेन ड्राइव्ह घातला होता त्यांनी. मी आज फोनवर चांगलं सुनावलं."

"घातला असेल. वेंधळा तर तो आहेच," ताई म्हणाली. "पण पेन ड्राइव्हमुळेच हे होतंय असं तू पाहिलंस, की तुला वाटलं?"

"वाटलं."

"मग ते बाजूला ठेवू. आता मला फक्त पाहिलेलं सांग."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे सूनबाईच्या जरा उशिरा लक्षात आलं. ती सावरून बसली. मग ताईने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि असे प्रश्न सूनबाईला आजवर कोणी विचारले नव्हते. लहान फाइल उघडते का? उघडते. मोठी उघडताना लगेच बंद पडतं की थोडं थांबून? थोडं थांबून. त्या वेळी पंखा जोरात फिरतो का? सूनबाईला आठवलं, हो, अगदी गिरणीसारखा. ताई प्रत्येक उत्तर पूर्ण ऐकायची, मधे तोडायची नाही. जेवणाच्या टेबलावर कोणाचं वाक्य पुरं होऊ न देणारी ही बाई इथे हाताची घडी घालून ऐकत बसली होती. सूनबाई बघतच राहिली.

ताईने संगणक अगदी गरजेपुरते प्रोग्रॅम ठेवून सुरू केला. त्या अवस्थेत आखणीचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं, पण मशीन शांत होतं, पडत नव्हतं.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "कोणीतरी वरून बसलंय त्याच्या डोक्यावर."

मग तिने बंद पडण्याच्या नोंदी उघडल्या. सूनबाईला ती नुसती अक्षरांची खिचडी दिसत होती. ताई ओळ न ओळ वाचत गेली, एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली. घाई नाही, उगाच बटणं बडवणं नाही. सूनबाई स्वतः मेणाचे दात कोरताना अशीच बसायची, म्हणून तिला ते ओळखता आलं. मनातल्या मनात तिने हात जोडले.

"हे बघ," ताई म्हणाली. "या मशीनवर मी अँटीव्हायरस टाकलेला आहे, घेतलं तेव्हाच. आणि हा दुसरा. हा माझा नाही."

"दुसरा? पण पडद्यावर तर एकच दिसतो!"

"चित्र पुसलंय कोणीतरी. पाटी काढली म्हणून दुकान बंद होत नाही. दोन पहारेकरी आहेत तुझ्या दाराशी. तू मोठी फाइल उघडलीस की दोघं एकदमच ती तपासायला धावतात. हा म्हणतो आधी मी, तो म्हणतो आधी मी. दोघं एकमेकांनाच चोर समजतात आणि त्या झटापटीत घर पडतं."

"एका म्यानात दोन तलवारी."

"तेच. आता एक काढायची." ताईने माऊस पुढे सरकवला. "आधी माझा काढते."

सूनबाईला हे अनपेक्षित होतं. "तुमचा का? तो तर आधीपासूनचा आहे."

"माझा आहे म्हणून तो बरोबर, असं कुठे लिहिलंय? त्याची किल्ली माझ्याकडे आहे, तो पटकन निघेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं."

तिने स्वतःचा अँटीव्हायरस काढला. संगणक पुन्हा सुरू झाला, आणि सूनबाईने फाइल उघडली. निळा पडदा आला नाही! तिने टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात पडद्यावर लाल चौकट आली. एकट्या पडलेल्या दुसऱ्या पहारेकऱ्याला आता सगळा अधिकार मिळाला होता आणि त्याने आखणीचं सॉफ्टवेअरच संशयित म्हणून अडकवून ठेवलं होतं. त्याला सोड म्हटलं तर पासवर्ड, काढतो म्हटलं तर पासवर्ड. त्याच्याच कंपनीचं काढून टाकायचं साधन ताईने आणलं, तर तेही पासवर्ड मागू लागलं. आगीतून फुफाट्यात.

ताईने तो केव्हा बसवला गेला ते पाहिलं. काल, रविवारी दुपारी. त्या दुपारी सूनबाई आणि तिचा नवरा घरात नव्हते. दोघींनी तो वार एकदमच वाचला. दारातला ताटली पुसण्याचा आवाज थांबला होता.

सूनबाई ताईच्या कानाशी वाकली. "राहू दे, ताई. बाबांना विचारू नका. त्यांना फार लागेल. दुसरा काही उपाय नाही का?"

"आहे. सगळं मशीन पुसायचं आणि नव्याने भरायचं. उद्या संध्याकाळपर्यंत होईल." ताईही हळूच बोलली. "तुझी शिक्षिका तोवर थांबेल?"

सूनबाईने नकारार्थी मान हलवली.

"आणि झाकून ठेवलं तर ते जन्मभर या खोलीच्या दारातच उभे राहतील. ते लहान नाहीत गं. त्यांना कळतं." मग ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, जरा आत येता? इथे एक कुलूप आहे. ज्याने लावलंय त्याने पक्कं लावलंय, मला हरवलं त्याने. किल्ली मिळाली तर बरं होईल."

बाबा आत आले. ताटली कुठे ठेवावी हे त्यांना कळेना, सूनबाईने ती हातातून घेतली.

"पडद्यावर आलं होतं," ते म्हणाले. "संगणक धोक्यात आहे म्हणून. हिचं एवढं काम आहे यात, म्हटलं जाईल सगळं, म्हणून ते सांगत होतं तसं मी बसवून टाकलं. मग संगणक फार हळू चालायला लागला, तेव्हा घाबरून मी ते चित्र काढून टाकलं. मला वाटलं, गेलं." ते सुनेकडे बघत नव्हते. "सकाळपासून सांगणार होतो. तू त्याला फोनवर रागावत होतीस, तेव्हाही सांगणार होतो."

ताईने खुर्ची रिकामी करून दिली. "बसा. तूही तोंड फिरव गं, पासवर्ड टाकतायत ते."

आणि ती स्वतः फळीवरच्या जबड्यांकडे तोंड करून उभी राहिली, परक्या माणसाने उभं राहावं तशी. स्वतःच्या बापापुढेही तिने तो रिवाज पाळला. आपण या बाईला इतकी वर्षं नुसत्या जिभेवरून तोलत आलो, असं सूनबाईला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मागून एकेक बटण दाबल्याचा आवाज आला. मग चुकल्याची घंटी. पुन्हा बटणं, पुन्हा घंटी.

"बोट भलत्याच बटणावर पडतंय," बाबा म्हणाले. "आता म्हणतोय एकदाच संधी आहे."

"मग तुम्ही सांगा, मी टाइप करते," ताई वळून म्हणाली.

बाबांनी मुलीकडे पाहिलं, मग सुनेकडे. गोदामाचा कडक माणूस कानापर्यंत लाल झाला.

"धाकटी लेक," ते पुटपुटले. "इंग्रजी अक्षरांत. मधे जागा न सोडता."

त्या घरात लेक एकच होती, आणि तिची बोटं कीबोर्डवर आलेली तशीच थांबली. सूनबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत बाबा तिच्याशी बोलले ते दिवा मालव, दार ओढून घे, एवढंच.

"शेवटी आकडा वगैरे?" ताईने विचारलं.

"नाही. एवढंच."

ताईने सावकाश, एकेक अक्षर बघून टाइप केलं. घंटी वाजली नाही. कुलूप उघडलं, पहारेकरी निघाला. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि ताईने आपला जुना अँटीव्हायरस परत बसवला. तोवर सूनबाई पदराने डोळे टिपत होती.

"रडायचं नंतर," ताई म्हणाली. "आधी फाइल उघड."

फाइल उघडली. शिक्षिकेचा जबडा पडद्यावर गोल फिरला आणि फिरतच राहिला. तिघं श्वास रोखून बघत होते, पण पडदा निळा झाला नाही. उरलेली आखणी सूनबाईने तिथेच बसून पुरी केली. बाबांना कोणी जा म्हटलं नाही, तेही गेले नाहीत. संध्याकाळच्या आत प्रिंटर सुरू झाला, नारिंगी झाकणाखाली साचा थराथराने वर येऊ लागला. साचा सकाळी हातात मिळेल, असा निरोप सूनबाईने सर्जनना धाडला. मग नवऱ्याला फोन करून, चूक तुमची नव्हती, हेही सांगितलं. तो इतका चकित झाला की त्याने कोण बोलतंय असं विचारलं.

ताईने बॅग उचलली. दाराशी येऊन ती थांबली.

"धाकटीसाठी एवढा बंदोबस्त," ती बाबांना म्हणाली, "आणि मोठीसाठी आजवर एक कुलूप नाही?"

बाबा सबंध दिवसात पहिल्यांदा हसले.

"तुला कशाला कुलूप? तुझ्या वाटेला जायची कोणाची छाती आहे?"

ताई उत्तर द्यायला वळली. तेवढ्यात सूनबाईने तिच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि म्हणाली, "ताई, जेवूनच जा. मीठ कमी-जास्त झालं तर सांगा."