शंभरातले ब्याण्णव

मित्रांनो, मी कोपरीच्या कोळी कुटुंबातला एक जुना टॅब आहे. कुठल्या कारखान्यात घडलो ते ठाऊक नाही, पण मितेशने घरी आणले तो दिवस पक्का आठवतो. त्याची आई मंजुळाबाई एकाहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षे त्यांनी मासळी विकली. अलीकडे त्या विसरू लागल्या होत्या, म्हणून मितेशने माझ्यात स्मरणशक्तीचा खेळ घातला. पालथ्या पत्त्यांतून सारख्या चित्रांच्या जोड्या शोधायच्या.

पहिल्या आठवड्यात शंभरातले तीस गुण. तीन महिन्यांत ब्याण्णव! मितेश गल्लीभर सांगत सुटला. माझेही कौतुक झाले. मला मात्र शंका येऊ लागली. मंजुळाबाई पत्ते झरझर उलटायच्या आणि भांडी घासून होताहोताच नातीला विचारायच्या, "दक्षता, मी जेवली का गं?"

दक्षता म्हणाली, "पप्पा, आजी फक्त गेममध्येच हुशार झालीय."

"अगं, स्कोअर बघ ना!"

रोज सकाळी रक्तदाबाची गोळी मितेश आईच्या हातावर ठेवायचा. आता गुण पाहून ते त्याने थांबवले. "आता आई आपली आपण घेईल."

चौथ्या दिवशी मंजुळाबाईंनी गोळी घेतली. विसरल्या. पुन्हा घेतली. तासाभराने तिसरी. मी टेबलावरून पाहत होतो, पण हाक मारायला मला तोंड कुठे होते? त्या ओट्यापाशी कोसळल्या. नशीब, तेवढ्यात दक्षता कॉलेजातून आली. तिने मितेशला फोन करून बोलावले आणि बापलेकींनी त्यांना रिक्षाने नौपाड्यातल्या दवाखान्यात नेले.

मंजुळाबाई वाचल्या. मितेशने मला सोबत आणले होते; मला पुढे करून त्याने डॉक्टरीणबाईंना गुण दाखवले.

"या खेळाने माणूस या खेळात तरबेज होतो," त्या म्हणाल्या. "रोजच्या आठवणीला त्याचा कितपत उपयोग होतो, याची खात्री मी देणार नाही. विसरणं का सुरू झालं, ते कधी तपासलंत?"

मितेशने त्याच दिवशी आईचे रक्त तपासायला दिले.

त्यात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. विसरणे थोडे कमी झाले, सगळे गेले नाही. एका संध्याकाळी मितेशने मला पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवले, तर त्यांनी मला बाजूला सारले.

"मना नको तो खेल. तू बस ना जरा."

तो बसला. तासभर मायलेक बोलत होते.

आता मी बहुधा कपाटात असतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, गंमत म्हणून माझ्याशी जरूर खेळा. पण माझ्या काचेवरचा आकडा पाहून घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचे सोडू नका.