बिनदुधाची कॉफी

सखारामने दारू सोडली त्याला आठ महिने झाले आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. त्याच्या यकृताचं भलं झालं असेल, त्याची बायको कस्तुराबाई सुखाने झोपत असेल, सगळं मान्य. पण माझ्या शनिवारांचं काय?

कामशेतच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि सखाराम प्रयोगशाळेत परिचर होता. तेवीस वर्षं. निवृत्तीनंतरही दर शनिवारी दुपारी तो भाजे गावाहून लोणावळ्याला माझ्याकडे यायचा. दोन-दोन पेग रम, खारे दाणे आणि जुन्या मुख्याध्यापकांची यथेच्छ निंदा. माझी बायको रजनी गेल्यापासून माझ्याशी सलग तासभर बोलणारा तो एकटाच माणूस उरला होता. मग डॉक्टरांनी डोळे वटारले, कस्तुराबाईने त्याला खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली आणि गडी यायचा बंद झाला. मीही फोन केला नाही. न पिणाऱ्याला बोलावून करायचं काय, अशी माझी अक्कल.

मागच्या आठवड्यात भाचा विहंग पुण्याहून येऊन गेला आणि फ्रिजमध्ये काळ्या बिअरचे चार कॅन विसरला. स्टाउट म्हणे, कॉफी घातलेली. मी एक फोडला. आधी करपट लागली, मग कडू, आणि घोट उतरल्यावर जिभेवर राहिली ती चक्क कॉफी. फेसही कॉफीच्याच रंगाचा. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. सखारामने भंडारा उचलला तो दारू सोडायला. कॉफी सोडायला नाही!

नुसत्या बिअरला सखाराम ताक म्हणायचा, तेव्हा जोडीला काहीतरी हवंच होतं. शाळेतून माझ्याबरोबर 'चुकून' घरी आलेलं मोजपात्र काढलं. व्हिस्की घातली तर आंबट वास सुटला. ब्रँडी घातली तर खोकल्याचं औषध झालं. रम मात्र जमली. दीडशे मिली स्टाउटला तीस मिली रम, की कडूपणामागून गुळाची चव येते. वरून जायफळ किसलं. इतका मन लावून प्रयोग मी नोकरीतसुद्धा केला नव्हता.

मग फोन केला. "सखाराम, शनिवारी ये. कॉफी प्यायला."

"येतो की, सर!" आवाजातला आनंद लपत नव्हता.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. पिशवीत घरच्या घेवड्याच्या शेंगा. मी बशीत कप ठेवून त्याच्यापुढे सरकवला. तो वाकला, वास घेतला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"सर, ही कॉफी न्हाई."

"कॉफीच आहे. कॅनवर लिहिलंय, वाच."

"लेबल निघालेल्या लॅबच्या बाटल्या मी वासावर वळखायचो, सर. हिच्यात रम बी हाय."

माझा पारा चढला. "मग काय करू मी? दारू सोडलीस ती सोडलीस, मलाही सोडून बसलास!"

"दारू सोडली," तो हळू म्हणाला. "तुमाला कुटं सोडलं? तुमी बोलवलंच न्हाई. आठ म्हैने वाट बघितली. नुसत्या पान्यावर बी आलो आसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बस तू," म्हटलं, "खरी कॉफी करतो." स्वयंपाकघरात गेलो तर दूध नव्हतं. रजनी गेल्यापासून मी कोराच चहा पितो. पिशवी घेऊन बाहेर धावलो. कोपऱ्यावरच्या दुकानातलं दूध शनिवारी येणाऱ्या पर्यटकांनी संपवलेलं, म्हणून बाजारापर्यंत गेलो. यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. वाटेत मी पुढच्या शनिवारचा विचार करत होतो. त्याला भजी आवडतात.

परत आलो तेव्हा तो तिथेच बसला होता. कप रिकामा होता. बशीत सांडलेलंही उरलं नव्हतं.

त्याने मान वर केली नाही. "आजून हाय का, सर?"

खोटं बोलणार नाही, आधी मला आनंदच झाला. माझे शनिवार परत आले असं वाटलं. मग त्याचे हात दिसले. रिकामा कप त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तरी तो बशीवर खडखडत होता. मी घाबरलो.

उरलेले कॅन फोडून मी बेसिनमध्ये ओतले. रमची बाटलीही उपडी केली. सखाराम दारात उभा राहून शेवटच्या थेंबापर्यंत बघत होता. मग तो चपला घालायला लागला.

"दूध आणलंय," मी म्हणालो. "कॉफी घेऊन जा."

"नको."

"मग पुढच्या शनिवारी ये. घरात थेंबही ठेवणार नाही. शपथ."

"तुमी बोलवलं की मला न्हाई म्हनता येत न्हाई, सर," सखाराम म्हणाला. "आता बोलवू नका."