चालू राहिलेल्या माईकचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मी बहिरा नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण आधी माझ्या डोक्यावर टकटक करतो, मग फुंकर मारतो आणि मग विचारतो, "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" येतोय हो! इतकी वर्षे येतोच आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या केसासारख्या तारा जोडल्या. त्यांनी मला एकदाही ठोकले नाही. जाळीपाशी तोंड आणून त्या हळूच म्हणाल्या, "बोल बाळा," आणि समोरच्या पेटीतून त्यांचाच आवाज खणखणीत बाहेर आला. पुढे मी एका संशोधन संस्थेच्या सभागृहात आलो. "काय स्वच्छ आवाज आहे!" असे सगळे म्हणत. मग बिनतारी माईक आले, आणि माझी रवानगी वाळलेल्या पेनांच्या खणात झाली. त्या नव्या मंडळींची बॅटरी संपली की मात्र माझी आठवण होते. तुटलेल्या मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळायची आणि करायचे उभे!

असेच मला एका कार्यशाळेत उभे केले. विषय होता हवामानबदल आणि माणसांचे स्थलांतर, आणि त्यावर शोधनिबंध कसा लिहावा. मोजक्या शब्दांत कसे लिहावे हे शिकवायचे होते; पण स्वागताचेच भाषण संपता संपेना. मग एक गृहस्थ उठले. "प्रश्न नाही, छोटीशी टिप्पणी आहे," म्हणाले. ती छोटीशी टिप्पणी गेल्या शतकापासून सुरू झाली. माझी तार तापली, पण ते थंडच.

शिकवणाऱ्या बाई मात्र करड्या शिस्तीच्या होत्या. त्यांनी एकेकाला आपले वाक्य वाचायला बोलावले. त्यात एक तरुण संशोधिका होती. आवाज इतका बारीक, की सगळे तिला चिमणी म्हणत. मी चावेन की काय अशा भीतीने तिने मला लांब धरले आणि वाचले, "समुद्रकाठच्या वस्तीतील बहुतांश कुटुंबांनी स्वेच्छेने स्थलांतर केले."

"स्वेच्छेने? हे कशावरून?" बाईंनी विचारले.

"घरं बुडायच्या आधीच ती माणसं गेली. म्हणून."

पहिल्या रांगेत तिचे मार्गदर्शक बसले होते. निबंधावर त्यांचेही नाव होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "पाहणीत दोनच पर्याय होते. घर बुडाल्यावर गेले ते सक्तीनं, आधी गेले ते स्वेच्छेनं. सरळ आहे."

"आणि या शब्दाचं पुढे काय होतं?"

चिमणी खाली बघत म्हणाली, "निबंध सरकारी अहवालाला जोडणार आहेत. सक्तीनं गेलेल्यांनाच नवी जागा मिळते."

"वस्तीतल्या कुणाला विचारलंत?"

"माझे मामा-मामी तिथलेच आहेत. पण नातेवाइकांना विचारलं की अभ्यास निःपक्ष राहत नाही, असं सर म्हणाले."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि चहाची सुट्टी दिली.

सगळे मागच्या टेबलाकडे गेले. चिमणीने मला समोरच्या टेबलावर ठेवले, अर्थातच बंद न करता. मला कोण बंद करतो? तिने मामींना फोन लावला आणि लिहून घेता यावे म्हणून तो माझ्याच शेजारी उघडा ठेवला. झाले! मामींचा आवाज सभागृहभर घुमला.

"आता तूही तेच विचार! येईल तो विचारतो, मर्जीनं गेलात का. अगं, विहिरीला खारं पाणी लागलं. पोरांना काय पाजायचं? तुझ्या मामांनी बोट विकली, त्या दिवशी जेवले नाहीत ते. याला मर्जी म्हणतात?"

"पण मामी, घर तर उभं होतं ना?"

"हो ना, चुकलंच आमचं! पोरांना घेऊन आत बसायला हवं होतं. बुडालो असतो म्हणजे तुमच्या बरोबर रकान्यात बसलो असतो."

मागे कपबशांचा आवाज थांबला. चिमणीने वर पाहिले आणि ती लालबुंद झाली. "मामी, अगं... सगळ्या सभागृहानं ऐकलं हे."

पलीकडून मामी म्हणाल्या, "ऐकलं? बरं झालं. एकेकाला सांगून घसा बसलाय माझा."

"ही कौटुंबिक बाब आहे," सर घाईने म्हणाले. "पुढचं सत्र सुरू करू या."

"वाक्य पुरं झालेलं नाही," बाई म्हणाल्या. मग त्या चिमणीकडे वळल्या. "एकट्या मामींवर निबंध उभा राहत नाही. बाकीच्यांनाही विचारा."

चिमणी दुपारभर जिन्यात बसून वस्ती सोडून गेलेल्या एकेका कुटुंबाला फोन लावत राहिली. कुणी रागावले, कुणी रडले, एकाने फोन आपटला. पण विहिरीचे सगळ्यांनी सांगितले. संध्याकाळी परत येऊन तिने मला ओठांजवळ घेतले आणि वाचले, "विहिरी खाऱ्या झाल्याने, घरे पाण्याखाली जाण्याआधीच, बहुतांश कुटुंबांना वस्ती सोडावी लागली."

सर उठले. "मग माझं नाव काढ त्या निबंधावरून."

तिने मला आणखी जवळ घेतले. "बरं सर," ती म्हणाली. एवढासा आवाज, पण मी तो शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन पोचवला.

त्या लोकांना जागा मिळाली की नाही, हे माझ्यापर्यंत आले नाही. चीड येते ती याचीच. भाषणे सगळी माझ्यातून जातात, निकाल कधीच नाही.

मित्रांनो, माझी तार ओढू नका, हे तर सांगतोच. पण खरी विनंती वेगळी आहे. कुणाच्या घराबद्दल एखादा शब्द लिहाल, तेव्हा तो त्या माणसाला वाचून दाखवा. त्याची मान होकारार्थी हलली, तरच पुढचा शब्द लिहा.