एकवीस दगड

मीटरच्या काचेआडच्या इवल्या खिडकीत एकाशेजारचा सात वर सरकत होता, आठ अर्धाच डोकावत होता, आणि देवव्रतला वाटलं, यालाही आता पुढं जायचा कंटाळा आलाय... चुनार सोडताना त्यानं मीटर शून्यावर आणलं होतं. मागं पेंढ्यात गुंडाळलेल्या बरण्या किणकिणत होत्या. शेजारी बायको, शरदिनी, मावशीकडून परतताना, खिडकीबाहेर पाहत ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती — जप असेल.

अकरा. लिटरला अकराच किलोमीटर. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकं बदलली, नऊ-एकेचाळीस दातांची जोडी काढून दहा-एकोणचाळीसची बसवली, की इंजिनाला तेवढ्याच वाटेला कमी फिरावं लागणार, डिझेल वाचणार — हे दिनानाथ मिस्त्रीनंच समजावलं होतं. दोनदा टाकी भरून पाहिली. अकरा होते, अकराच राहिले. आणि दात तर देवव्रतनं स्वतः मोजले होते, बोटांच्या पेरांवर, तीनदा. ब्रह्मा घाटावर वडील वेदाची संथा देताना आवर्तनं मोजायला शिकवायचे तसे. त्या मोजणीत चूक होत नाही. त्या घरात होतच नाही. मग चूक कुणाची?

गुरुवारी दिनानाथच्या गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी असताना तो म्हणाला होता, "गिनती मेरी पक्की है, चचा. बिठाया तुमने है. अब दिखता नहीं, तो बता देते."

दिनानाथ एवढंच म्हणाला, "इंजन कम घूम रहा है, भइया. तेल कइसे नहीं बचेगा?" आणि कितीतरी वेळ कापडाला हात पुसत राहिला... पाठशाळा सोडली तेव्हा वडील दोन वर्षं बोलले नव्हते. त्या दोन वर्षांत ज्यानं आपल्या डब्यातली लिट्टी मोडून पुढं केली, ज्यानं डोळे मिटून इंजिन ऐकायला शिकवलं, त्याचेच हे हात — नाही, पण काम ते काम. चुकलं तर बोलायला नको?

"एकवीस," शरदिनी म्हणाली.

"काय एकवीस?"

"दगड हो, किलोमीटरचे. तुम्ही गुरुवारपासून मौन धरलंय, मग मी दगडांशी बोलते."

त्यानं मीटरकडे पाहिलं. अठरा.

"मध्ये डुलकी लागली असेल तुला."

"डुलकीत दगड कमी होतील. वाढतील कसे?" ती हसली. "तुमच्या मीटरलाच लागली असेल."

तो हसला नाही. पाय आपोआप हलका झाला, गाडी कडेला घरंगळत थांबली. मीटरची तार गिअरबॉक्समधून येते. अ‍ॅक्सलच्या अलीकडून. चाक किती धावलं ते तिला कुठं ठाऊक, तिला मधला दांडा किती फिरला एवढंच कळतं. आणि दांडा आता कमी फिरतो — त्यासाठीच तर सगळा खटाटोप केला. एकवीस चालून गाडी अठरा सांगत होती. म्हणजे अकरा नव्हेतच, पावणेतेराच्या आसपास! त्यानं दात तीनदा मोजले होते, आणि मोजणाऱ्याला एकदाही तपासलं नव्हतं.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"गाडी बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग तोंड असं का?"

पुढच्या वाटेवर तो वाक्यं जुळवत राहिला. चचा, गलती मेरी थी — हे फार सोपं, पाय लागल्यावर म्हणतात तसं. मराठीत जुळवावं तर ते दिनानाथसाठी नव्हे, स्वतःसाठीच होई. मीटरचं समजावून सांगावं? त्याला कळेलच चटकन, तो हसेलही, चहा मागवेल... आणि ती चार गिऱ्हाइकं? त्यांना कुठून गोळा करून आणायचं?

रामनगरला गॅरेजासमोर त्यानं इंजिन बंद केलं. दिनानाथ फळीवर बसला होता, हातात एक बेअरिंग. अंगठा आतून फिरला, थांबला. पुन्हा फिरला. मग त्यानं ते उजेडाकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, आणि अंगठा तिसऱ्यांदा आत घातला. इतक्या वर्षांत या माणसानं कशावरून दुसऱ्यांदा बोट फिरवलेलं देवव्रतनं पाहिलं नव्हतं.

"उतरताय ना?" शरदिनी हळूच म्हणाली.

उतरणार होताच तो. पण जुळवून आणलेलं प्रत्येक वाक्य माफी मागणारं होतं, आणि समोरच्या माणसाचा स्वतःच्या बोटांवरचा जो भरवसा हरवला होता तो माफीनं परत मिळणारा नव्हता. तो कशानं मिळतो हे त्याला कुणीच, कुठल्याच भाषेत, शिकवलं नव्हतं. दाराच्या कडीवर हात ठेवून तो त्या अंगठ्याकडे पाहत राहिला — राग गेला होता, आणि रागाच्या जागी आता एवढी मोठी मोकळी जागा, की आपण तिच्यात कुठं उभे आहोत हेच त्याला उमगेना...