फोन हरवण्याची तालीम

कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सगळे सायरनसाहेब म्हणत. आग लागली तर, गॅस गळला तर, जिना कोसळला तर काय करायचं, हे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि यातलं काहीच कधी घडलं नाही, याची त्यांना थोडी रुखरुखही होती. शेवटी त्यांनी आपला मोर्चा घराकडे वळवला. घरात माणसं दोनच, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. संकट ठरलं, साहेबांचा फोन हरवणं.

दर रविवारी तालीम होई. साहेब फोन उशीखाली लपवत, शिट्टी फुंकत आणि घड्याळ लावून बसत. नियम फ्रिजवर चिकटवलेले होते. तिसरा लाल अक्षरांत: फोन सापडलाय असं जो गोड बोलून सांगेल, तोच चोर. चौथा: मुलीच्या कॉम्प्युटरवरून फोन ताबडतोब कोरा करायचा. भीती कसली? सगळ्याची प्रत त्याच कॉम्प्युटरवर होती. फोटो, पावत्या, अगदी दाढीच्या मशीनची वॉरंटीसुद्धा.

एका गोष्टीची मात्र नव्हती. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा खणखणीत आवाज कायमचा गेला. राहिला तो घोगरा, कुजबुजल्यासारखा. ऑपरेशनच्या आधी एकदा ओल्या टॉवेलवरून तिने साहेबांना अकरा मिनिटं फैलावर घेतलं होतं, आणि खिशातला फोन चुकून ते सगळं टिपत राहिला होता. साहेब रोज जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार लावून ती अकरा मिनिटं ऐकत. प्रत काढली तर मुलीच्या हाती लागेल, या लाजेपोटी ती काढलीच नाही. बायकोची बोलणी ऐकून हा माणूस डोळे पुसतो, हे कळलं असतं तर त्यांची उरलीसुरली पत गेली असती.

मंगळवारी कामावर जाता जाता साहेब केस कापून घ्यायला बसले आणि फोन तिथेच विसरले. कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी खिसा चाचपला आणि काळजात धस्स झालं. तालमीत हे असं कधी होत नसे. ते आल्या पावली उलटे पळाले.

न्हावी दारातच उभा होता.

"साहेब, मी लगेच घरी फोन लावला. तुमच्या फोनच्या बंद पडद्यावर घरचा नंबर लिहिलेला दिसत होता. म्हटलं, वहिनी, फोन माझ्या दुकानात आहे, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, गोड बोलू नकोस, आणि ठेवूनच दिला. मग जरा वेळाने हा आपोआप असा झाला."

पांढऱ्याशुभ्र पडद्यावर 'नमस्कार' होता आणि खाली, 'भाषा निवडा'.

साहेब तसेच घरी आले. बायको दारात वाट पाहत होती, चेहरा नुसता फुललेला.

"चाळीस सेकंद," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पोरगी कॉलेजात गेलेली. एकटीने केलं सगळं." मग त्यांच्याकडे पाहून ती थबकली. "त्यात काही राहिलं होतं का हो?"

"छे. सगळ्याच्या प्रती आहेत." साहेब खुर्चीत बसले. त्यांना रडू आवरेना, म्हणून ते बुटाची नाडी सोडत खाली वाकले. "ऐक ना, जरा रागाव माझ्यावर. फोन विसरून आलो मी."

"आज कशाला रागावू?" पाणी आणायला आत वळत ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच सगळं तुमच्या मनासारखं झालंय."