मेनच्या आधीची शहात्तर सेकंदे

मंगळवार, २० ऑगस्ट २०२४. दुपारी १ वाजून ७ मिनिटे. दार ३८ सेंटीमीटर उघडे. यंत्राच्या नोंदीतली ही पहिली ओळ होती, आणि पुंडलिकला दोषी ठरवायला चौकशी समितीला ती पुरेशी वाटत होती.

उघाडी म्हणजे खारबंधाऱ्यातले दार. ओहोटीला ते उघडून शेतातले पाणी खाडीत सोडायचे, भरतीला बंद ठेवायचे. पेणच्या खाडीकाठच्या या उघाडीवर चार वर्षांपूर्वी हातचाकाच्या जोडीला मोटर आणि संगणकाची पेटी बसली. पुंडलिक तिथला राखणदार. त्या दिवशी ऐन भरतीत दार उघडले. आतल्या बाजूला, दार आणि जाळी यांच्यामध्ये, जाळीत अडकलेला कचरा काढत त्याची बायको हौसा उभी होती. लोंढ्याने तिला जाळीवर दाबून धरले ते ओहोटी लागेपर्यंत.

ही नोंद सुरू होण्याआधी वीज गेलेली होती, आणि यंत्राने दार उचलल्याची नोंद नव्हती. तेव्हा पुंडलिकनेच हातचाक फिरवले, असा समितीचा तर्क होता. गावानेही तोच धरला. दहाव्याला मेहुण्याने त्याला पिंडाजवळ उभे राहू दिले नाही.

मी तंत्रनिकेतनात शिकलो आणि रोह्याच्या एका कारखान्यात उपकरण विभागात एकतीस वर्षे काढली. समितीत तांत्रिक सदस्य म्हणून मला घेतले होते. अहवालावर सही करण्यापूर्वी प्रोग्राम माझ्यासमोर चालवून दाखवावा, एवढीच मी अट घातली.

पेणच्या कार्यालयात पेटी टेबलावर ठेवली. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर सुश्रुत लॅपटॉप घेऊन आला होता. पुंडलिक दाराशी बाकावर बसला होता. मोटर तिथे नव्हती, म्हणून तिच्या जागी तारांना मी एक दिवा जोडला. सवयच ती.

"सर, डीबगरला, म्हणजे प्रोग्राम तपासायच्या साधनाला, सांगितलं की प्रोग्राम मेनवर थांबव," सुश्रुत म्हणाला. "मेन म्हणजे मुख्य कार्य, आमचं सगळं तिथून सुरू होतं. तिथून एकेक ओळ पुढे नेतो. दार उचलायची आज्ञा कुठे सापडली तर सांगा. तोवर चहा मागवतो. सुरू व्हायला सव्वा मिनिट घेतोच हा डबा. म्हातारा झालाय."

"म्हातारे उगाच वेळ घेत नाहीत," मी म्हणालो.

तो चहा सांगायला वळला. पडदा रिकामा होता, आणि दिवा पेटलेला होता. थोड्या वेळाने दिवा विझला आणि पडद्यावर 'मेन' उमटले.

"सुश्रुत, मेन कुठे आहे हे डीबगरला कसं कळलं?"

"नावावरून. फाइलमध्ये नावांची यादी असते. मेन या नावापुढचा पत्ता घेतो आणि तिथे अडसर टाकतो."

"प्रोसेसर ती यादी वाचतो?"

"नाही सर, त्याला नावं काय कळणार? फाइलच्या मथळ्यात सुरुवातीचा पत्ता असतो, तिथून तो..." तो थांबला.

"तो पत्ता आणि मेनचा पत्ता एकच आहे का?"

त्याने दोन्ही काढून कागदावर लिहिले. ते वेगळे होते.

"आता अडसर मथळ्यातल्या पत्त्यावर टाक."

या वेळी प्रोग्राम लगेच थांबला. दिवा विझलेला. तिथून सुश्रुत एकेक पायरी पुढे गेला. मेनला बोलावण्यापूर्वी तयारीची कामे होतात. त्यांतल्या एका कामात दिवा पेटला. मी घड्याळ लावले. शहात्तर सेकंदे. ही मोटर सेकंदाला अर्धा सेंटीमीटर दार उचलते.

"मोटरची चाचणी आहे," सुश्रुत हळू आवाजात म्हणाला. "कारखान्यात करायची. काढायची राहिली. नोंदवही मेनमध्ये उघडते, म्हणून ही कुठेच दिसत नाही."

"आणि दार परत खाली?"

"ते मेनमध्ये. एरवी लगेच खाली येत असेल, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण बाहेरचं पाणी चढलेलं असेल तर दार हलवायचं नाही, असा सुरक्षेचा नियम आहे." कोणीतरी आणलेल्या चहाला त्याने हात लावला नाही.

मी पुंडलिककडे वळलो. "तुम्ही चाक फिरवलं नाही, हे आता सिद्ध झालं. पेटीला वीज मिळाली की दार आपोआप उचललं जात होतं."

"मी सांगत व्हतोच, सायेब. चाकाला हात लावला नाय." तो उठून टेबलाजवळ आला. दिव्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "म्हंजे खटका वर केला की दार उठतं?"

"हो."

"लाईट आली तवा ती खालनं वरडली, 'अवो, लाईट आली, खटका टाका.' मी टाकला."

"तुम्हाला तशीच लेखी सूचना होती. तुम्ही नियमाप्रमाणे वागलात."

"नियम नको, सायेब. हात कुनाचा, येवढंच सांगा."

एकतीस वर्षांत मी मोजमाप कधी फिरवून सांगितले नव्हते.

"तुमचा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि तो गेला.

समितीने त्याला एकमताने निर्दोष ठरवले. १ ऑक्टोबरपासून कामावर परत घेण्याचा आदेश निघाला. त्याची प्रत मी स्वतः गावात नेऊन दिली. त्याने ती वाचून घेतली आणि उघाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

३१ डिसेंबरपर्यंत पुंडलिकची हजेरी: शून्य दिवस.